काठाची व्याख्या

ज्या वर्षी आमच्या गावात पंचायत आली, त्या वर्षी मी सव्वीस वर्षांचा होतो आणि तीन लिप्या लिहिता येणारा गावातला एकटाच माणूस होतो. शाळेत मराठी शिकवायचो, घरी मराठीबरोबर कन्नडही बोलायचो, आणि निजामाच्या अमदानीत शिकल्यामुळं उर्दू हाताला बसलेलं होतं. निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण कचेरीतली कागदं अजून उर्दूतच यायची. म्हणून पंचायतीचा लिहिणारा म्हणून माझीच निवड झाली. कुणी विचारलंही नाही. अध्यक्ष झालेले अप्पा, ज्यांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं, एका सकाळी शाळेच्या दारात येऊन म्हणाले, "मास्तर, उद्यापासून चावडीत बसायचं. वही आनून ठिवलीय."

मला अभिमान वाटला, हे कबूल करतो.

गाव भीमेच्या उत्तर काठावर. आमची तहसील अफजलपूर. पलीकडचा काठ तेव्हा मुंबई राज्यात होता, म्हणजे नदीच्या मधोमध एक राज्य संपून दुसरं लागायचं. आम्हाला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पलीकडची माणसं मंगळवारी आमच्या बाजाराला यायची, आमच्यातल्या कितीकांची शेतं पलीकडं होती, लेकी पलीकडं दिलेल्या. उन्हाळ्यात लोक वाळूतून चालत जात. मृग लागल्यापासून संक्रांतीपर्यंत मात्र नाव लागायची, आणि नाव म्हणजे हरगोल. बांबूच्या कामट्यांची विणलेली, बाहेरून कातड्यानं मढवलेली मोठी गोल टोपलीच ती. एका वेळी सात-आठ माणसं बसायची. नवख्या माणसानं वल्हं मारलं तर हरगोल जागच्या जागी गिरक्या घेते. तिला सरळ नेणं ही विद्या आहे.

ती विद्या आमच्या गावात अक्काकडं होती. सगळं गाव तिला अक्काच म्हणायचं. घाटाखालच्या झोपडीत नवरा-बायको राहायचे, मूलबाळ नव्हतं. खरा नावाडी तिचा नवरा. पण पंचायत येण्याच्या सहा-सात वर्षं आधी त्याचं उजवं अंग वाऱ्यानं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का कासोटा घट्ट करून हरगोलीत उभी राहिली. चाळिशीची, उंच, मनगटं पुरुषासारखी. सुरुवातीला दोन-चार जणांनी तोंडं वाकडी केली म्हणतात. मग पहिला पूर आला, तिनं नाव नेली आणि आणली, आणि कुणी काही बोललं नाही. नवरा झोपडीच्या दारात बाजेवर पडून पाण्याकडं बघत असायचा आणि डाव्या हातानं खुणा करायचा. भोवरा कुठं सरकलाय, धार कुठं वळलीय. ती त्या खुणा बघून वल्हं फिरवायची.

पंचायतीच्या दुसऱ्याच बैठकीत तहसिलीतून एक लखोटा आला. नदीकाठच्या सर्व गावांनी घाट आणि नावेचे नियम करून पाठवावेत, सोबत नमुना जोडला आहे. नमुना उर्दूत, एकतीस कलमांचा. कुठल्या तरी मोठ्या नदीवरच्या मोठ्या घाटासाठी तो कधीकाळी केलेला असावा. हत्ती आणि उंट यांना नावेत घेऊ नये, असं त्यात एक कलम होतं. आमच्या हरगोलीत वासरू उभं राहिलं तरी ती कलली असती. नावेला पुढं आणि मागं कंदील असावा, असं दुसरं कलम. अप्पांनी वही माझ्यापुढं सरकवली.

"तुमीच मराठीत करा, मास्तर. पाठवून द्यायचं. झालं."

"आपल्याला लागू न्हाईत त्यातली बरीच कलमं."

"असू द्या. वरचा नमुना हाय. आपण कामून खाडाखोड करायची?"

मी चार संध्याकाळी बसून भाषांतर केलं. शब्दांशी खेळायला मला आवडायचं. 'मल्लाह' ला नावाडी लिहावं की नाव चालवणारा, यावर मी बराच विचार केला. चौदाव्या कलमात होतं, की मल्लाह मर्द असावा, बालिग असावा आणि तंदुरुस्त असावा. मी लिहिलं, 'नाव चालवणारा इसम पुरुष, सज्ञान व अंगाने धडधाकट असावा.' वाक्य मला आवडलं. वजनदार वाटलं. एकदा मोठ्यानं वाचूनही पाहिलं. माझ्या खिडकीतून घाट दिसायचा, आणि त्या वेळी अक्का पलीकडून माणसं घेऊन येत होती. हे मी नंतर रचून सांगत नाही. ती दिसत होती. माझ्या डोक्यात मात्र वाक्य होतं.

बैठकीत मी सगळी कलमं वाचली. पाच सदस्य होते, त्यातले दोघं पेंगले. हत्तीच्या कलमाला सगळे हसले. चौदावं कलम वाचलं तेव्हा कुणी काही बोललं नाही. पोलीस पाटलांनी तेवढी मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "फिरून वाचा बरं ते." मी फिरून वाचलं. "चांगलं लिहिलंव," म्हणाले. मला वाटलं, भाषेचं कौतुक करायलेत.

पाटलांचा एक पुतण्या होता, तिशीचा, सोलापूरच्या गिरणीतून काम सोडून परत आलेला. त्याला गावात काही करायला मिळत नव्हतं.

नियम मंजूर होऊन तहसिलीचा शिक्का घेऊन परत आले, तेव्हा मृग तोंडावर होता. त्या नियमांप्रमाणं नावेला आता परवाना लागणार होता, आणि तो घेण्यासाठी नाव चालवणाऱ्यानं स्वतः चावडीत येऊन अंगठा करायचा होता. अक्का आली. नवऱ्याला चार माणसांनी बाजेसकट उचलून आणलं होतं, कारण आजवर नाव त्याच्याच नावावर चालायची. चावडीच्या ओट्यावर बाज टेकली. पाटलांनी मला चौदावं कलम वाचायला सांगितलं. मी वाचायला तोंड उघडलं, आणि तेव्हा मला समजलं मी काय लिहून बसलो होतो.

"ह्यो पुरुष हाय," पाटील नवऱ्याकडं बोट करून म्हणाले, "पण धडधाकट न्हाई. ही धडधाकट हाय, पण पुरुष न्हाई. परवाना द्यायचा कुणाला, तुमीच सांगा."

अक्का माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. शाळेतलं एखादं पोर फळ्यावरची बेरीज समजली नाही की बघतं तसं.

"मास्तर," ती म्हणाली, "हे कुणी लिवलं?"

"वरून आलंय, अक्का."

"वर म्हंजे कुठं?"

अप्पा घसा साफ करून म्हणाले, "बघू, काही तरी करू. आत्ता घरी जावा." परवाना त्याच दिवशी पाटलांच्या पुतण्याला मिळाला. त्यानं खालच्या एका गावाहून लाकडी नाव आणली, निळा रंग दिला आणि पुढं-मागं कंदील बांधले.

त्या संध्याकाळी माझी बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमीच लिवलंव न्हवं? मग तुमीच खोडा की."

मी दुसऱ्या दिवशी चावडीत एकटा असताना वही उघडली. टाक शाईत बुडवला. एकच शब्द होता, पुरुष. त्यावर एक आडवी रेघ मारली असती तर वाक्य तसंच्या तसं उभं राहिलं असतं. 'नाव चालवणारा इसम सज्ञान व अंगाने धडधाकट असावा.' व्याकरणही बिघडत नव्हतं. पण शिक्क्याची दुसरी प्रत तहसिलीत होती. आणि खरं सांगायचं तर त्या प्रतीमुळं मी थांबलो नाही. माझी नोकरी होती. शाळेचा अहवाल अप्पांच्या सहीनं जायचा. शाई टाकावर वाळली, मी टाक पुसला आणि वही मिटली.

त्याऐवजी मी रीतसर मार्ग धरला. अफजलपूरला जाऊन तहसिलीतल्या पेशकारांना, म्हणजे मुख्य कारकुनांना भेटलो. म्हातारे, सौम्य गृहस्थ होते. पान पुढं केलं, सगळं ऐकून घेतलं, नमुन्याची मूळ प्रत काढून चष्म्यावरून वाचली.

"मर्द लिखा है, मास्तरसाब," ते म्हणाले. "ऊपर का नमूना है. हम नक्को कैसे बोलना?"

"मग बदलायचं कुणी?"

"तुमची पंचायत ठराव करंगी, आम्ही जिल्ह्याला भेजेंगे, जिल्हेवाले ऊपर भेजेंगे." त्यांनी हात हळूहळू वर नेला आणि छताकडं बघत तिथंच थांबवला.

मी ठराव लिहून अप्पांपुढं ठेवला. अप्पा वाईट माणूस नव्हते. अक्काच्या नवऱ्याला ते कधी कधी जुनं धोतर पाठवायचे. त्यांनी ठराव वाचला, दुमडला आणि म्हणाले, "फुडच्या महिन्यात घेऊ." पुढच्या महिन्यात पाटील बैठकीला होते म्हणून घेतला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात पाटील नव्हते, तर पाटलांच्या माघारी घेणं बरं दिसत नाही म्हणून घेतला नाही. असा तो ठराव अप्पांच्या कोटाच्या खिशात राहिला.

भाद्रपदात नदीला मोठं पाणी आलं. मंगळवार होता, दुपारची वेळ. निळी नाव पलीकडून बाजाराची माणसं घेऊन निघाली. पुतण्याला धारेचा अंदाज आला नाही. नाव खाली ओढली गेली आणि मधल्या बेटावरच्या, पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या शेंड्यांत अडकली. नाव रेटायचा बांबू मोडला. अकरा माणसं होती. नाव एका अंगाला कलली आणि बायकांचा ओरडा काठापर्यंत ऐकू आला.

सगळं गाव घाटावर धावलं. मीही शाळा सोडून धावलो. पाटील काठावर उभे राहून पुतण्याला हातवारे करत ओरडत होते. त्यानं काही होत नव्हतं. अक्का वरच्या अंगाला गवत कापत होती. तिला कुणी बोलावलं नाही, निदान मी तरी ऐकलं नाही. ती गवताचा भारा तिथंच टाकून खाली आली, झोपडीमागं पालथी घातलेली हरगोल डोक्यावर घेतली, बरीच वर चालत गेली आणि तिथून पाण्यात सोडली. खालून सोडली असती तर धारेनं तिला बेटापर्यंत पोचूच दिलं नसतं, हे मला नंतर कुणी तरी समजावून सांगितलं. झोपडीच्या दारातून तिचा नवरा डावा हात हलवत होता. मी एकदा तिच्याकडं आणि एकदा त्या हाताकडं बघत होतो.

तीन खेपा केल्या तिनं. पहिल्या खेपेत बायका आणि एक तान्हं मूल, दुसरीत म्हातारे, तिसरीत राहिलेले आणि पाटलांचा पुतण्या. तिसऱ्या खेपेला ती काठावर उतरली तेव्हा तिच्या हातांच्या तळव्यांची सालं निघालेली होती. ती वाळूत बसली आणि तिनं पाणी मागितलं. अकराची अकरा माणसं वाचली. लोकांनी तिचे पाय धरले. पाटील घरी निघून गेले होते.

मला वाटलं, आता सगळं सुटलं. आता माझा ठराव अप्पांच्या खिशातून बाहेर निघणार.

बैठक तिसऱ्या दिवशी भरली. चावडीपुढं माणसांची गर्दी. अक्काला बोलावलं होतं. अप्पांनी पहिला ठराव सांगितला, मी लिहून घेतला आणि वाचला. अकरा जणांचे प्राण वाचवल्याबद्दल पंचायत तिचे आभार मानते आणि खण-नारळ देऊन सन्मान करते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पाटील बोलायला उठले.

"तिनं केलं ते चांगलंच केलं. पण परवाना नसताना पुरात नाव घातली. हरगोल उलटली असती तर? जबाबदार कोण? मी? का अप्पा? एकदा असं चालवून घेतलं की उद्या ज्याला त्याला पुरात उतरायची हौस येईल."

मी उभा राहिलो. "तिनं घातली न्हसती तर अकरा माणसं गेली असती, पाटील."

"मी कुठं न्हाई म्हनायलो? म्हून तर नारळ दिला." आणि अप्पांकडं वळून म्हणाले, "नियम तुमचा हाय का मास्तरांचा?"

अप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "पहिल्याच वर्षी आपणच नियम मोडला तर फुडं कोण मानंल, मास्तर? लिवा."

मी लिहिलं. दुसरा ठराव. विनापरवाना वापरलेली हरगोल नियम बाविसाप्रमाणे जप्त करून चावडीच्या आवारात ठेवावी. मीच वाचून दाखवलं. गर्दीतून कुणी तरी "आँ?" म्हणालं. मला अजून वाटतं, त्या वेळी दहा माणसं जरी पुढं आली असती तर पाटील बसले असते. पुढं कुणी आलं नाही. मीही आलो नाही.

अक्का नारळ हातात घेऊन उभी होती. तिनं तो ओट्यावर ठेवला, वर खण ठेवला.

"नारळ घ्यायचा आन् नाव द्यायची, व्हय?" ती अप्पांना म्हणाली. "तर मग नारळ बी तुमालाच ऱ्हाऊ द्या."

हरगोल चावडीच्या आवारात उन्हात पडली. कातड्याला वरचेवर तेल लावावं लागतं, नाही तर ते तडकतं. अक्का दोनदा मडक्यात करडीचं तेल घेऊन आली. आवाराच्या दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, नाव नगं. नुसतं तेल लावून जाते." जप्त मालाला हात लावू देऊ नये, असं कलम होतं. मी अप्पांना विचारायला गेलो, अप्पा दुकानात नव्हते, आणि मी परत आलो तोवर ती मडकं दारात ठेवून गेली होती. मग मीच शाळा सुटल्यावर फडक्यानं तेल लावलं. मला ते नीट जमलं नाही. दिवाळीपर्यंत कातड्याला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या.

त्यानंतर अक्का नवऱ्याला घेऊन पलीकडं गेली. तिथं तिचा भाऊ होता. जाताना पुरानंतर सोडवून आणलेल्या निळ्या नावेतून गेली, आणि पुतण्यानं तिला फुकट नेलं, हे लोक पुढं बरेच दिवस त्याच्या मोठेपणाची गोष्ट म्हणून सांगायचे.

पुढच्या पावसाळ्यात ती परत दिसली. पलीकडं तिनं भावाच्या मदतीनं नवी हरगोल विणली होती. आमची पंचायत, आमचा नियम, हे नदीच्या अर्ध्यावर संपत होतं. पलीकडच्या काठावरून माणसं बसवायला तिला कुणाचीच मनाई नव्हती, आणि जप्तीचं बाविसावं कलम आमच्या काठावरून सोडलेल्या नावेलाच लागू होतं. अडचण फक्त आमच्या काठावर उतरवायची होती. एका मंगळवारी ती पाण्यातून चालत वर आली आणि थेट माझ्या शाळेत आली.

"काठावर उतरायचं न्हाई असं कायतरी हाय म्हनं. ते मला वाचून दाखवा. जसं लिवलंय तसंच वाचा."

मी वही काढून वाचलं. 'परवाना नसलेल्या नावेतून गावाच्या काठावर उतारू उतरवणे अथवा चढवणे मना आहे.'

"काठ म्हंजे कोरडं न्हवं?"

"व्हय. काठ म्हणजे काठ."

"आन् पाण्यात उतरवलं तर?"

मी वाक्य पुन्हा वाचलं. मला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी आलं असेल. "पाण्याबद्दल काही लिवलं न्हाई, अक्का."

"तुमी लिवलं न्हाई, म्हंजे न्हाई," ती म्हणाली, आणि तीही हसली.

त्या पावसाळ्यात दर मंगळवारी हरगोल आमच्या काठापासून पाच-सहा हातांवर थांबायची. माणसं लुगडी-धोतरं वर खोचून गुडघाभर पाण्यात उतरायची आणि हसत चालत यायची. निळी नाव रिकामी पडली. लोकांना त्यात मजा वाटायला लागली होती. पोरं काठावर उभी राहून उतरणाऱ्यांना हाका मारायची. आमच्या गावातल्या त्या सगळ्या वर्षांत मला बरं वाटलेले दिवस तेवढेच.

श्रावणात पाटलांनी बैठक मागितली. विषय एकच होता. काठ म्हणजे काय, हे नियमात कुठंही सांगितलेलं नाही, ते सांगावं. व्याख्या लिहायला मलाच सांगितलं. मी लिहिलं, 'काठ म्हणजे नदीलगतची कोरडी जमीन.' पाटलांनी मान हलवली. "पाणी वरखाली होतं, मास्तर. आज कोरडं, उद्या ओलं. गुडघाभर पाण्यापर्यंत काठच धरायचा." एका सदस्यानं विचारलं, "पन कुणाचा गुडघा? अप्पांचा का तुमचा?" अप्पा उंच होते, पाटील ठेंगणे. सगळे हसले. त्यावर तास गेला. शेवटी घाटाच्या पायरीवर एक काठी धरून, तिच्यावर खूण करून, तेवढं पाणी म्हणजे गुडघाभर असं ठरलं.

मला नाही म्हणता आलं असतं. वही त्यांच्यापुढं सरकवून, तुम्हीच लिहा, असं म्हणता आलं असतं. मराठी त्यांनाही लिहिता येत होतंच की थोडंबहुत. पण मी लिहिलं, आणि सवयीनं वाक्य नीटनेटकं केलं. 'ज्या ठिकाणी उभ्या इसमाच्या गुडघ्याइतके वा त्याहून कमी पाणी असेल, तो सर्व भाग काठात समाविष्ट समजावा.'

पुढच्या मंगळवारी अक्कानं हरगोल आणखी मागं थांबवली. मांडीभर पाण्यात. लोक कुरकुरले, पण उतरले. त्यात पलीकडची एक म्हातारी कुंभारीण होती, दर बाजाराला मडकी घेऊन येणारी. डोक्यावर उतरंड घेऊन ती उतरली, दोन पावलं चालली आणि शेवाळलेल्या दगडावरून तिचा पाय गेला. ती पूर्ण पाण्याखाली गेली. जवळच्या माणसांनी ओढून वर काढली. मडकी पाण्यावर पसरली आणि डुलत डुलत धारेला लागली. कुंभारीण आधी हसली. मग नाकातोंडातलं पाणी खोकत खोकत रडायला लागली. अक्का हरगोल वळवून मडक्यांच्या मागं गेली आणि जेवढी हाताला लागली तेवढी गोळा करून आणली. मी काठावरून बघत होतो, म्हणजे नियमाप्रमाणं ज्याला काठ म्हणायचं त्याच्या कोरड्या टोकावरून.

संध्याकाळी बाजार उठल्यावर तिनं मला पाण्याजवळ गाठलं. लुगडं छातीपर्यंत ओलं होतं.

"आता न्हाई, मास्तर," ती म्हणाली.

"कामून? अजून थोडं मागं—"

"माणसं बुडवून पोचवायची तर नाव कशाला? ती म्हातारी मेली असती. माझ्या हातून आजवर कुणी मेलं न्हाई."

"मी अजून एकदा तहसिलीत जातो. अर्ज करतो."

तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात थट्टा असती तर मला बरं वाटलं असतं. "जावा की," ती म्हणाली. "तुमी जायलाव तर जावा." आणि हरगोलीत चढली.

मी गेलो. जुने पेशकार निवृत्त होऊन गेले होते. नव्या पेशकारांनी अर्ज ठेवून घेतला. त्याचं पुढं काय झालं ते मला कधी कळलं नाही.

मग छप्पन्न साल आलं. हैदराबाद राज्य मोडलं आणि आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. पलीकडचा काठही म्हैसुरातच आला. नदीच्या मधोमध असलेली हद्द नाहीशी झाली. मला उगाच आशा वाटली. आता दोन्ही काठांचे नियम एक होतील, कुणी तरी बसून नव्यानं लिहील. तहसिलीतून पत्र आलं, कन्नडमध्ये. नवे नियम होईपर्यंत जुनेच चालू राहतील, आणि सर्व पंचायतींनी आपले जुने नियम कन्नड करून पाठवावेत.

लिहिणारा मीच होतो. एकतीस कलमं आणि एक व्याख्या. हत्ती, उंट, कंदील, सगळं कन्नडमध्ये आणलं. चौदाव्या कलमाशी थांबलो. टाक हातात धरून पुष्कळ वेळ बसलो. पण खाली मला लिहून द्यायचं होतं की भाषांतर मुळाबरहुकूम आहे, आणि मी ते तसंच लिहून दिलं.

त्या हिवाळ्यात मी पलीकडं गेलो. अक्काचा नवरा वर्षापूर्वी वारला होता. हरगोल भावानं मोडली होती, कातडं मोटेला वापरलं होतं. ती गावाबाहेर कुणाच्या तरी हरभऱ्यात खुरपायला गेली होती. मी बांधावर जाऊन उभा राहिलो. ओळीत आठ-दहा बायका होत्या. तिनं मला ओळखलं, उठून आली, पदरानं तोंड पुसलं.

"पानी प्यायलाव का?" तिनं विचारलं आणि बांधावरच्या घागरीतून तांब्या भरून दिला.

मी पाणी प्यालो. मग तिला भाषांतराचं सांगितलं. राज्य बदललं, नियम कन्नडमध्ये केले, तेही मीच.

"त्यात काय लिवलंव?"

"तेच."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "एक विचारू? पहिल्या बारीला लिवलं, तवा मी तुमच्या ध्यानात होते का? मला हाकलायचं म्हून लिवलंव का?"

"न्हाई, अक्का. देवाशप्पथ. तुम्ही ध्यानातच आला न्हाईत."

मला वाटत होतं, हे ऐकून तिला थोडं बरं वाटेल. माझ्याकडं तिला द्यायला तेवढंच होतं.

"इतकी वर्सं तुमाला न्हेलं-आनलं," ती हळू म्हणाली. "पुरात बी न्हेलं. आन् ध्यानात न्हवते."

मळ्याच्या मालकानं लांबून हाक मारली. तिनं माझ्या हातातला तांब्या घेतला, विसळून घागरीवर उपडा घातला आणि आपल्या जागी जाऊन खाली बसली. बायकांची ओळ पुढं सरकत गेली. मी थोडा वेळ बांधावर उभा होतो. मग नदीकडं चालू लागलो.